नरसूअण्णांचे ठिपके

मंगळवार पेठेत भित्रा माणूस सापडणं तसं अवघडच. इथली पोरं चालायला लागली की तालमीच्या लाल मातीत लोळायला जातात, आणि बायका अंगावर आलेल्या म्हशीला नुसतं 'हुऽर्र' म्हणून मागं सारतात. अशा पेठेत नृसिंह वडणगेकर नावाचे एक गृहस्थ पालीला, उंदराला, वळवाच्या गडगडाटाला, रिकाम्या जिन्याला आणि विशेषेकरून भुताला भीत असत. आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. आईवडिलांनी नरसोबाच्या वाडीला नवस बोलून हे नाव ठेवलं होतं. नाव देवाचं मिळालं, छाती मात्र मिळायची राहून गेली. पेठ त्यांना नरसूअण्णा म्हणायची.

अण्णा पेठेच्या वाचनालयात होते. ग्रंथपाल तेच, कारकून तेच, सकाळी झाडू मारणारे तेच आणि पुस्तकांची बांधणी करणारेही तेच. खाली सायकलीचं दुकान आणि वर दोन खोल्या, एवढाच तो कारभार. पुढच्या खोलीत पुस्तकांची कपाटं आणि वर्तमानपत्रांचं टेबल. मागच्या खोलीत पुठ्ठे, दोरा, दाभण, दाबाचा शिकंजा आणि मोरचूद घालून शिजवलेली खळ. त्या खळीचा वास अण्णांच्या धोतराला कायमचा चिकटलेला. कुत्रीसुद्धा त्यांना वासावरून ओळखून वाट देत.

वाचनालयात भुताच्या कादंबऱ्या एकतीस. बाकीची पुस्तकं कपाटात शहाण्यासारखी उभी असायची, पण या एकतीस कधी जागेवर नसत. सगळ्यांत जास्त वाचल्या जात, म्हणून सगळ्यांत जास्त फाटत, आणि म्हणून सगळ्यांत जास्त वेळा अण्णांच्याच हाताखाली येत. त्यात अण्णांचा एक हट्ट होता. स्वतः वाचल्याशिवाय ते कुठलंही पुस्तक वाचकाच्या हातात देत नसत. झाली का पंचाईत! अख्ख्या पेठेत भुताला भिणारा माणूस एक, आणि भुतांचं सगळं वाङ्मय कोळून प्यायलेला माणूसही तोच.

यावर अण्णांनी तोड काढली होती. भुताचं पुस्तक ते घरी नेत नसत. दुपारी चारला वाचनालय तासभर बंद व्हायचं, तेव्हा ते पुस्तक बगलेत मारून शेजारच्या तालमीत जायचे आणि हंबीरराव वस्तादांच्या नजरेसमोर, आखाड्याच्या कठड्यावर बसून वाचायचे. समोर वीस-बावीस उघडे गडी बैठका मारताहेत, 'हाऽ हूऽ' चाललंय, अशा ठिकाणी यायला भुतालाही जरा विचार करावा लागला असता. पुस्तकात भीती वाटली की अण्णा समासात शिसपेन्सिलीनं ठिपके देत, अगदी त्या ओळीपाशी. वाचता वाचता पाठीमागं वळून पाहिलं, तर एक ठिपका. पुस्तक मिटून माठातलं पाणी प्यावं लागलं, तर दोन. आणि उठून वस्तादांच्या मांडीला मांडी लावून बसावं लागलं, तर तीन. तिनाच्या वर मोजणी नव्हती. तिनाच्या वर गेलं तर माणूस उरतोच कुठं, असं अण्णांचं म्हणणं.

लोक आधी हसले, मग त्या ठिपक्यांवर विश्वास ठेवायला लागले. "तीन ठिपक्यांचं द्या," म्हणून मागायला लागले. ज्याला भीतीच वाटत नाही त्यानं भुताच्या पुस्तकाची पारख काय करायची, हे पेठेला बरोबर कळलं होतं.

त्रेपन्न सालच्या भाद्रपदात, एका सकाळी, अक्काताई जिना चढून वर आल्या. जिना कुरकुरला तेव्हाच अण्णांनी ओळखलं. अक्काताई म्हणजे समोरच्या बोळातलं चार म्हशींचं, जैनांचं घर. बोलायला लागल्या की खालच्या दुकानातला सायकलवाला हातातला पाना ठेवून ऐकत उभा राहायचा. त्यांच्या मागं त्यांची भाची अरुणा उभी होती. तेरा वर्षांची, इंग्रजी तिसरीतली. भांग वाकडा, एक वेणी जाड तर एक उंदराच्या शेपटीएवढी.

"आण्णा, हिला भुताचं पुस्तक पायजे म्हणं," अक्काताई म्हणाल्या. "दोन वर्सं तुमची पुस्तकं वाचालीया. राजाचं झालं, परीचं झालं, आता भूत पायजे झालंय."

"हळू बोला की, अक्काताई. बसा."

"बसाया येळ कुठाय? द्या तुमी, मी न्हाई म्हणत न्हाई. पण येक सांगून ठेवतो. हिची चुलतभण असलंच कायतरी वाचून म्हैनाभर तापानं फणफणली. तवापासनं कागलच्या घरात पोरींच्या हातात पुस्तक न्हाई. हिच्या बापाला, बापूसोला, मी शबूद देऊन हिला हितं शाळंला ठेवून घेतलीया. पोरगी भ्याली की पुस्तक बंद. आन् बापूसोच्या कानावर गेलं तर शाळा बी बंद. बगा, तुमच्या हातात हाय."

एवढं बोलून त्या म्हशींकडं निघून गेल्या. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. अरुणा त्यांच्याकडं बघत राहिली. ती नजर अण्णांना ठाऊक होती. अण्णा आणि विमलाबाईंना मूलबाळ नव्हतं, आणि गेल्या दोन वर्षांत ही पोरगी अण्णांच्या मनात कुठं जाऊन बसली होती हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तिनं कधी पुस्तकाचा कोपरा दुमडला नाही. नवं कोरं पुस्तक पुढं केलं तर ती फाटकंच मागायची. "फाटकं पुस्तक लोकांनी लई वाचलेलं आसतंय, आण्णा," असं तिचं शास्त्र. दोन वर्षांमागं तिची आई, शालूबाई, काविळीनं गेली, आणि पंधरा दिवसांत बाप तिला एसटीत बसवून मावशीकडं सोडून गेला. पहिल्या महिन्यात ती पोरगी कुणाशी बोलली असेल तर या कपाटांशी. आता एका चुकीच्या पुस्तकानं हे सगळं बंद होणार, आणि चूक झाली तर ती अण्णांची असणार.

"आठ दिवस दे मला," अण्णा म्हणाले. "पहिलं भूत आहे. घाई करून चालायचं नाही."

त्या आठ दिवसांत अण्णांनी एकतीसच्या एकतीस कादंबऱ्या खाली काढल्या. ज्यांत रक्त होतं त्या बाजूला गेल्या. ज्यांत मांत्रिक होता त्या गेल्या, कारण त्यांतले मंत्र पोरं पाठ करतात आणि मग शाळेतल्या मास्तरांवर करून बघतात. ज्यांत शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं' असं निघायचं त्याही अण्णांनी रागानं बाजूला फेकल्या. लहान वाचकाला फसवणं त्यांना भुतापेक्षा वाईट वाटायचं. उरल्या सात. त्या सातांत सात मेलेल्या बाया होत्या! लेखकमंडळींना पुरुष मेलेला चालतच नाही की काय, म्हणून अण्णा त्या दिवशी एकटेच लेखकांवर चरफडत बसले.

चौथ्या दिवशी ते तालमीत गेले तेव्हा पुस्तक न उघडता नुसतेच कठड्यावर बसले. हंबीरराव वस्तादांनी विचारलं, तसं त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यात काय अवघड?" वस्ताद मिशीवरची माती पुसत म्हणाले. "नव्या पोराला जोड लावतो तसं करायचं. पयल्याच दिवशी भारी गडी दिला तर पोरगं पुन्ना आखाड्यात येत न्हाई. लई हलका दिला तरी येत न्हाई. आसा द्यायचा, की पोराला घाम फुटला पायजे, आन् आपला आपण उठलो आसं वाटलं पायजे."

"हे बेस सांगितलंत."

"आन् येक. जोड लावली की मग मधी पडायचं न्हाई. कायबी होऊ द्या. मधी पडलासा की पोराचा जलमाचा घात."

अण्णांनी मान डोलावली. पहिलं त्यांनी मनात लिहून ठेवलं आणि दुसरं घरी पोहोचेपर्यंत विसरले.

घरी विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. या बाई नवऱ्याच्या नेमक्या उलट. भुताची गोष्ट म्हणजे त्यांना चिवड्यासारखी. एका हातानं खडे काढत दुसऱ्या हातानं पान उलटायच्या. "'तेरावा खण' द्या की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यातलं भूत गरीब आहे."

'तेरावा खण' ही कादंबरी अण्णांच्याही मनात होतीच. एक विधुर गृहस्थ आपल्या सगुणा नावाच्या लहान मुलीला घेऊन एका जुन्या घरात राहायला येतो. घर बारा खणांचं, म्हणजे तुळयांमधले गाळे बारा. पण दिवेलागणीला मोजलं की खण तेरा भरतात, आणि तो तेरावा खण कुणाचा, ही गोष्ट. भाषा साधी, रक्त नाही, मांत्रिक नाही. सगळं जमलं होतं. फक्त मध्ये एक प्रकरण होतं. त्यात सगुणेची मेलेली आई येते.

"आई गेलेल्या पोरीला मेलेली आई वाचायला देऊ?" अण्णा म्हणाले. "मी काय कसाई आहे?"

"मग दुसरं द्या."

"दुसऱ्यात तर याहून वाईट आहे!"

"मग हेच द्या," विमलाबाई म्हणाल्या, "पण आहे तसं द्या. तुमचा तो दाभण घेऊन बसू नका." बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं डोकं कुठं चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक झालेलं होतं.

आणि अण्णा दुसऱ्या दिवशी दाभण घेऊनच बसले. इतरांनी एखादं पान चिकटवलं असतं किंवा पुस्तकच बदललं असतं. पण अण्णा पडले बांधणीवाले. त्यांनी 'तेरावा खण'ची शिवण उसवली, शहाण्णव पानांनंतरचा सोळा पानांचा अख्खा फर्मा अलगद बाहेर काढला, उरलेलं पुस्तक पुन्हा शिवलं, खळ लावली, शिकंज्यात दाबलं. इतकं सफाईनं, की बोट फिरवलं तरी कळू नये. आता शहाण्णवच्या पुढं एकशे तेरा यायचं, आणि शहाण्णवाव्या पानावरचं शेवटचं वाक्य अर्धंच तुटायचं. पण वाचनालयाच्या पुस्तकात चार पानं नसणं म्हणजे काही बातमी नव्हे. पोरगी चालायची पुढं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. काढलेली सोळा पानं त्यांनी कागदात गुंडाळून खळीच्या डब्यामागं ठेवली. फेकवली नाहीत. पुस्तकाचं पान फेकणं त्यांच्या हातून होणारच नव्हतं.

पुस्तक देताना त्यांनी अरुणेला बजावलं, "दिवसाउजेडी वाचायचं. पोटभर जेवून वाचायचं. भीती वाटली तर लाज वाटून घ्यायची नाही. मलाही वाटते."

"तुमाला तर सगळ्याचीच वाटते, आण्णा," अरुणा हसून म्हणाली आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरून गेली. अण्णांना फार बरं वाटलं. आपण जोड अगदी नेमकी लावली, असं वाटून त्यांनी त्या दिवशी स्वतःसाठी एक जादा चहा मागवला.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला जिना असा वाजला की वर्तमानपत्र वाचणारे दोघे म्हातारे उठून उभे राहिले. अक्काताईंनी एका हातानं अरुणेचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं पुस्तक. ते त्यांनी टेबलावर आपटलं.

"काय दिलासा हो तुमी पोरीला? तीन दिस झालं, पोटात अन्न न्हाई. आन् घरात येतीया कशी म्हाईत हाय? म्हसरांच्या दारानं! शेणातनं! पुढच्या उंबऱ्यावर पाय दीना झालीया. वडून आणाया गेलो तर किंचाळून गल्ली गोळा केली. आईतवारी बापूसो येणार हाईत. त्यास्नी काय सांगू मी? सांगतो, घिऊन जावा लेक तुमची. पुस्तक बी नको आन् शाळा बी नको!"

अरुणेचा चेहरा खरंच उतरला होता. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, कपाटांकडं बघत होती, आपलं सामान बांधून झाल्यावर माणूस घराकडं बघतं तशी.

"अरुणा," अण्णा कसेबसे म्हणाले, "कशाची भीती वाटली, बाळ? कुठल्या पानाची?"

"शाण्णव आन् एकशे तेराच्या मधी काय झालं त्याची."

अण्णांची नजर मागच्या खोलीकडं गेली.

"शाण्णवला लिवलंय, सगुणानं वळून बघितलं, दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर. बास. पुढं कायच न्हाई. आन् एकशे तेराला लिवलंय, तेल गालावर ओघळलं होतं आणि सगुणा दोन दिवस तापानं निपचित पडली." तिला ती वाक्यं तोंडपाठ झाली होती. "मधी तिची आई आली, त्ये पुढच्या पानांवरनं कळलं. पण आईनं तिला काय केलं, आण्णा? मी लई इचार केला. गळा दाबला आसंल व्हय? का संगट न्ह्याला आलती? का दुसरंच कोण आईचं रूप घिऊन आलतं? रोज नवीन कायतरी सुचतंय. आई आसं करंल व्हय?"

वर्तमानपत्राचा एक म्हातारा खाली बसला. अक्काताईंनी धरलेलं मनगट सुटलं.

अण्णांना पळून जावंसं वाटलं. आजवर ते पालीपासून पळाले होते, उंदरापासून पळाले होते, त्यामुळं पळण्याची लाज त्यांना नव्हती. पण पोरगी उभी होती. ते मागच्या खोलीत गेले आणि खळीच्या डब्यामागचं गुंडाळं घेऊन आले.

"मी काढली ही पानं," ते म्हणाले. "यात आई येते. तुला वाईट वाटेल म्हणून काढली. अक्काताई, पोरीचा दोष नाही, पुस्तकाचाही नाही. बापूसोंना सांगायचं तर माझं नाव सांगा. नाहीतर मीच कागलला येऊन सांगतो."

कागलला जायचं म्हणजे भर बाजारात बापूसोंसारख्या दांडग्या माणसासमोर उभं राहायचं. अण्णा हे बोलले आणि बोलून झाल्यावर स्वतःच घाबरले.

"मला त्येच बगायचं होतं," अरुणा म्हणाली. आवाज इतका लहान की अण्णांना वाकावं लागलं. "म्हणून तर भुताचं मागितलं. तुमच्यात पितरं जेवाया येत्यात. विमलाकाकू परवा माळवदावर पान ठेवत हुत्या, मी बगत हुतो. कावळा आला. आमच्यात न्हाई येत कोण. बस्तीत, आमच्या देवळात, म्हाराज सांगत्यात, मेलं की लगीच दुसरा जलम. म्हंजी अव्वा आता कुणाचीतरी लेक झाली आसंल. दोन वर्सांची. तिला मी ठावं बी नसणार." कागलकडच्या घरांतून म्हणतात तसं ती आईला अव्वा म्हणायची. "मला म्हाईत हाय भुतं खोटी आसत्यात. पर पुस्तकात तरी येत्यात का, त्येवढंच बगायचं होतं."

अक्काताई टेबलाला धरून खाली बसल्या, फरशीवरच. त्यांना वाचता येत नव्हतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "वाचा, आण्णा. काय लिवलंय त्ये मोठ्यांदा वाचा. हितंच."

अण्णांनी पानं उलगडली. पहिल्याच ओळीशी त्यांचे स्वतःचे तीन ठिपके होते. 'उंबऱ्यावर ती बसली होती,' एवढं वाचलं आणि त्यांचा आवाज फाटला. दिवसाउजेडी, चार माणसांत, खाली सायकलवाल्याची ठोकाठोक चालू असताना त्यांनी मान वळवून पाठीमागं पाहिलं. अरुणेनं कागद त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला आणि स्वतः वाचायला लागली. शाळेत उभं राहून धडा वाचतात तशी, खणखणीत.

त्या सोळा पानांत फारसं काही घडत नव्हतं. मेलेली आई उंबऱ्यावर बसते, आत येत नाही, तिला येता येत नाही. सगुणा जाऊन तिच्यापुढं पाठ करून बसते, नेहमी बसायची तशी. आई तिचे केस सोडते, गुंता काढते, तेल घालते. बोटं विहिरीच्या पाण्यासारखी गार असतात. आई विचारते, जेवलीस का? सगुणा म्हणते, जेवले. आई विचारते, काय जेवलीस? सगुणा सांगते. असंच बोलणं पानामागून पान चालतं. शाळेचं, मांजराचं, हरवलेल्या बांगडीचं. मग दिवे लागतात. आई वेणीला शेवटची गाठ मारते आणि उठते. सगुणा विचारते, उद्या? आई उत्तर देत नाही. खण पुन्हा बारा भरतात.

अरुणेनं वाचून संपवलं. तिचा आवाज शेवटच्या पानावर एकदाच अडखळला.

अक्काताई पदरानं नाक पुसत होत्या. "आमची शालू बी आशीच," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी भण. रागानं आली आसंल तरी पयलं इचारायची, अक्का, जेवलीस का. दोन वर्सं मी घरात तिचं नाव काडू दिलं न्हाई कुणाला. पोरगी रडंल म्हणून." मग एकाएकी त्यांना आठवण झाली आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आन् काय हो आण्णा, ह्यात भ्यायासारकं काय हाय? एवढं चांगलं त्येवढंच हुडकून कापून काडलासा?"

अण्णांनी मान खाली घातली. एवढ्या वर्षांत पेठेनं त्यांना भित्रा म्हटलं ते त्यांनी हसून घेतलं होतं. आज कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, आणि आजच तो लागला. पोरीच्या रडण्याला तेही भ्याले होते आणि अक्काताईही, आणि दोघांच्या भिण्याचं ओझं एकट्या पोरीनं उचललं होतं.

जाताना अक्काताई पुढं आणि अरुणा मागं, अशा दोघी जिना उतरल्या. अण्णा खिडकीशी गेले. समोर घराच्या दारात अक्काताई थांबल्या, उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली. काय बोलल्या ते वर ऐकू आलं नाही, अक्काताईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच. अरुणा बराच वेळ उभी होती. मग जाऊन बसली.

अण्णांनी त्याच दुपारी शिवण पुन्हा उसवली, सोळा पानं जागच्या जागी बसवली आणि पुस्तक शिकंज्यात घातलं. तालमीत त्या दिवशी ते गेले नाहीत. संध्याकाळी विमलाबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं," आणि त्यांच्या पानात वाढलेल्या भातावर तूप मात्र जास्त वाढलं.

रविवारी बापूसो कागलहून आले. अण्णांनी सकाळपासून खिडकी लावून घेतली होती. बापूसोंचा फेटा बोळात शिरताना त्यांना फटीतून दिसला आणि दोन तासांनी बाहेर पडतानाही दिसला. जिना वाजला नाही. अक्काताईंनी काय सांगितलं ते पुढं त्यांच्याच तोंडून कळलं. "म्हटलं, पोरगी झ्याक हाय, जेवतीया, वाचतीया. आणि काय सांगायचं?"

मंगळवारी शाळा सुटल्यावर अरुणा आली. अण्णा बघतच राहिले. भांग सुतानं आखल्यासारखा सरळ, दोन्ही वेण्या सारख्या, आणि इतक्या आवळून घातलेल्या की पोरीच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

"हे कुणी घातलं?"

"मावशी," अरुणा कपाळ चोळत म्हणाली. "लई आवळती, आण्णा. म्हशीला दावं बांधल्यागत. अव्वा हुती तवर अव्वाच घालायची, मग मी कुणाला हातच लावू दिला न्हाई दोन वर्सं. मावशी घालताना अव्वाच्या लहानपणीचं सांगती. काल म्हणाली, अव्वा झाडावरनं पडलीती."

अण्णांनी शिकंज्यातून काढून ठेवलेलं 'तेरावा खण' तिच्या हातात दिलं. ती तिथंच टेबलाशी उभी राहून नव्या शिवणीची पानं उलटायला लागली. सत्त्याण्णवाव्या पानावर थांबली आणि समासावर बोट ठेवलं.

"आण्णा, हे तीन ठिपके तुमचे?"

"हो. तिथं मला वस्तादांच्या शेजारी जाऊन बसावं लागलं होतं. दारात आई बसलेली दिसते ना, तिथं."

"चुकल्यात," अरुणा म्हणाली.

आजवर या ठिपक्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. अण्णांनी चष्मा सारखा केला. "तुला तिथं भीती नाही वाटली?"

"न्हाई. तिथं बरं वाटलं."

"मग कुठंच नाही वाटली?"

तिनं पानं उलटली. एकशे दहा, एकशे अकरा. आई वेणीची गाठ मारते आणि उठते, त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. "हितं," ती म्हणाली. "जाती तवा."

अण्णांनी टेबलाच्या खणातून रबर काढलं, सत्त्याण्णवाव्या पानावरचे आपले तीन ठिपके नीट खोडले, रबराचा भुगा फुंकला आणि शिसपेन्सिल अरुणेपुढं धरली.

तिनं समासात एक ठिपका दिला. मग दुसरा, मग तिसरा. पेन्सिल परत देता देता ती थांबली, पुन्हा वाकली आणि खाली चौथा दिला. अण्णांच्या मोजणीत चार ठिपके आजवर कुठल्याच पुस्तकाला नव्हते. त्यांनी नोंदवही उघडून पुस्तक तिच्या नावावर लिहून दिलं.